अकरा बेचाळीस

कागद छपाईयंत्रातून बाहेर येतो, कोमट.
मी तारखेला नाही, वेळेला पेनाने रेघ मारतो.
तारीख सगळेच वाचतात.
"पुढच्या गुरुवारी अकरा बेचाळीसपर्यंत
विमा आमच्याकडून, फुकट.
त्यानंतर तुमचं तुम्ही बघा, मिसेस पॅरी."

बाहेर गाडी उभी, निळी, कोरी करकरीत,
टपावर ऱ्हीलच्या सीगलने
आमच्या आधीच सही करून ठेवलेली.

लोक न वाचता सही करतात.
एल्युनेड पॅरी, वय सहासष्ट,
चष्मा पुसून चारही पानं वाचते.
"मुख्य चालक म्हणजे मीच ना?"
तुम्हीच. या सात दिवसांत
दुसऱ्या कुणी हातही लावायचा नाही.
"दुसरं आहे कोण," ती म्हणते, आणि हसते,
मला हसावं की नाही कळत नाही.

गेटपाशी तिची गाडी दोनदा बंद पडली.
मी काचेआडून पाहिलं नाही असं दाखवलं.

नऊ वर्षं मी हेच सांगतो:
चावी ही, टायरचा पंप तो,
आठव्या दिवशी हायवेच्या कॅमेऱ्याला
गाडी उघडी दिसते.
लोक मान डोलावतात
आणि रेडिओ कसा लावायचा ते विचारतात.

मंगळवारी ती परत आली, हातात वही.
वहीत पाच कंपन्या, पाच आकडे,
प्रत्येक आकडा आधीच्याहून उद्धट.
"ते विचारतात, विनाअपघात किती वर्षं?
मी सांगितलं, चौतीस.
ते म्हणाले, कुणाच्या नावावर?"

ग्विलिमच्या.
डॉक्टर बोलले तेव्हा त्याचा परवाना
तिनेच पाकिटात घालून टपालात टाकला,
गाडी विकली, आणि मग अडीच वर्षं
प्रेस्टॅटिनच्या त्या वृद्धाश्रमापर्यंत बस.
दोन वर्षं वापरली नाही
की ती पुण्याईसुद्धा विटते म्हणे,
फ्रीजमधल्या दुधासारखी.

"आणि मी?" तिने वही टेबलावर ठेवली.
"चौतीस वर्षं डावीकडे बसून
मी ब्रेक दाबत होते.
गाडीला नव्हता तिथे. नुसत्या गालिच्यावर.
स्नोडोनियाच्या प्रत्येक वळणावर.
त्याचा बोनस कुठे जमा होतो?"

माझ्या संगणकात तसा रकाना नाही.
मी चहा आणला. दोन बिस्किटं.
तिने एकच खाल्लं, दुसरं रुमालात बांधलं, त्याच्यासाठी.

मग म्हणाली, रविवारी बसवलं त्याला गाडीत,
आवारातल्या आवारात, एक फेरी,
नर्स खिडकीतून बघत होती.
तिला त्याने नावाने हाक मारली नाही,
ती कोण हेही विचारलं नाही.
कचरापेटीपाशी वळताना मात्र
त्याचा उजवा पाय खाली गेला,
जोरात,
आणि तो म्हणाला, "आरसा बघ."

तिने बघितला.

टपावरची सही अजून तशीच होती.
धुऊन देऊ का, मी विचारलं.
नको म्हणाली, पार्किंगमध्ये ओळखू येते.

गुरुवारी अकरा बेचाळीसला
मी एका कोवळ्या पोराला
वेळेखालची रेघ दाखवत होतो.
त्याचं लक्ष चावीकडे.
माझं, भिंतीवरच्या घड्याळाकडे.
फोन वाजला नाही. वाजायचं कारणही नव्हतं,
विमा घेतला की लोक आम्हाला कशाला कळवतील,
आणि नाही घेतला तर त्याहून नाही.

संध्याकाळी बस चुकली. थांब्यावर उभा राहून हिशेब केला:
नऊ वर्षांत किती गाड्या मी
रांगेतून काढून, धुऊन, फिरवून
दाराशी आणून लावल्या.
सगळ्या दुकानाच्या पॉलिसीवर.
एक ओरखडा नाही.

माझ्या स्वतःच्या नावावर किती जमलंय
ते विचारायला फोन काढला,
आणि मग बस आली.